रिकाम्या हातांची उपासना

रायपूरच्या सदर बाजारात सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी थोडा वेळ उभे राहावे. ही सराफांची पेठ. दार उघडले जाते, उंबऱ्यावर पाणी शिंपडले जाते, गादीमागच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते, तराजूला लावलेला हात कपाळी टेकतो, आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलणे सुरू होते. हा क्रम कोणी पुस्तकात लिहून ठेवलेला नाही. तो चुकला तर शिक्षाही नाही. तरी बापाने केला म्हणून मुलगा करतो, आणि एखाद्या दिवशी तो राहून गेला तर दिवसभर काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. याच पेठेतील जैन मंदिरात त्याच सुमारास पूजा चाललेली असते. तिचाही क्रम ठरलेला आहे : आधी जल, मग चंदन, मग फूल, मग धूप, दीप, अक्षता, नैवेद्य आणि फळ. सराफाच्या दुकानात काय किंवा मंदिरात काय, हात पुढे होतो तो काही अर्पण करण्यासाठी.

श्रोतेहो, १८६८ साली या प्रदेशात उपासनेचा आणखी एक क्रम आला. त्यातही हात पुढे होतो, पण तो रिकामा असतो, आणि घेण्यासाठी पुढे होतो. ऑस्कर लोर नावाचे एक जर्मन पाद्री अमेरिकेतील एका मिशन संस्थेच्या वतीने त्या वर्षी मुंबईस उतरले आणि नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सल्ल्याने छत्तीसगडकडे वळले. लोखंडी रस्ता आदल्याच वर्षी नागपूरपर्यंत येऊन थांबला होता. पुढची वाट गाड्यांची होती. रायपूर आणि बिलासपूर यांच्या दरम्यान पडीक जमीन घेऊन लोरसाहेबांनी विश्रामपूर हे गाव वसवले. छत्तीसगडी बोलीत त्याला बिसरामपूर म्हणतात. पुढे थोड्याच वर्षांत रायपुरातही मिशनचे ठाणे झाले. त्यांच्याबरोबर जो उपासनाक्रम आला त्याचा उगम मार्टिन ल्यूथर यांच्या विटेनबर्ग नगरात होता. मात्र विटेनबर्गाहून तो सरळ रायपुरास आला नाही. वाटेत त्याला एका राजाच्या हुकमातून जावे लागले. त्या क्रमाचा अर्थ काय आणि त्या हुकमाने त्या अर्थाचे काय केले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सार्वजनिक उपासनेला जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याचा अक्षरशः अर्थ ‘देवाची सेवा’ असा होतो. आपल्या षष्ठी विभक्तीची गंमत आपण जाणतोच. ‘आईची सेवा’ म्हटले म्हणजे मुलाने केलेली सेवा समजायची; पण ‘आईची माया’ म्हटले म्हणजे ती माया आईने केलेली असते. प्रत्यय एकच, पण दिशा उलट. ल्यूथर यांच्या परंपरेतील उपासना समजून घ्यायची असेल तर ‘देवाची सेवा’ हे शब्द ‘आईची माया’ या चालीवर वाचावे लागतात. उपासनेत मुख्य कर्ता देव असतो. तो बोलतो, क्षमा करतो, जेवू घालतो. माणसाने ऐकावे, घ्यावे आणि मग आभार मानावेत. माणसाची स्तोत्रे, प्रार्थना आणि दानधर्म हे सारे त्या घेण्याचे उत्तर असते. त्याची किंमत नसते.

हा विचार सोळाव्या शतकात कशातून निघाला ते पाहू. त्या काळी पश्चिम युरोपात मिस्सा लॅटिन भाषेत होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा राही. भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन प्रभू येशूने शेवटच्या भोजनप्रसंगी काढलेले जे शब्द तो उच्चारी, ते हलक्या आवाजात पुटपुटले जात. लोक दूर उभे राहून पाहत. सामान्य माणूस वर्षातून एखादे वेळी भोजनास बसे, आणि तेव्हाही त्याला भाकर मिळे, प्याला मिळत नसे. मिस्सा म्हणजे जिवंतांसाठी आणि मृतांसाठी देवाला वाहिलेले यज्ञार्पण, अशी समजूत होती. ल्यूथर यांचा आक्षेप मुख्यतः या शेवटच्या गोष्टीला होता. जे देवाने माणसाला दिले तेच माणूस परत देवाला वाहून पुण्य जोडू लागला, असे त्यांचे म्हणणे होते.

१५२३ साली त्यांनी लॅटिन उपासनेचा सुधारलेला क्रम प्रसिद्ध केला आणि १५२६ साली जर्मन मिस्सा छापली. ज्यांनी ‘क्रांतिकारक ल्यूथर’ एवढेच ऐकले आहे त्यांना हे दोन्ही क्रम वाचून आश्चर्य वाटेल, कारण त्यांत जुने फार राहिले आहे. दयेची याचना, विश्वासांगीकार, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे स्तवन, वेदी, मेणबत्त्या, धर्मगुरूचा पोशाख यांतले काही त्यांनी मोडून टाकले नाही. त्यांनी अर्पणाच्या प्रार्थना गाळल्या. प्याला सर्वांना दिला. आणि जे शब्द पुटपुटले जात होते ते शुभवर्तमान ज्या सुरात गातात त्या सुरात, सर्वांना ऐकू जातील असे, मोठ्याने गावयास लावले. ‘हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिले आहे,’ हे शब्द पूर्वी धर्मगुरू जणू देवाला ऐकवीत होता. आता ते लोकांना ऐकवले जाऊ लागले. घर तेच राहिले, माणसे कोणत्या दिशेला तोंड करून बसली एवढेच बदलले.

आता एखाद्या उपासकाच्या बाजूने हा क्रम पाहावा. तो मंदिरात येतो. प्रथम सर्वांबरोबर आपल्या पापांचा अंगीकार करतो, आणि लगेच क्षमेचे वचन ऐकतो. नंतर शास्त्रवाचन, त्यावर प्रवचन, आणि उत्तरादाखल सर्वांनी मिळून म्हटलेला विश्वासांगीकार. मग प्रभुभोजन. तेथे तो हात पुढे करतो, भाकरीचा तुकडा घेतो, प्याल्याला ओठ लावतो. शेवटी आशीर्वचन. ‘गणना’ या जुन्या करारातील ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अहरोनाने इस्राएल लोकांना द्यावयाचा जो आशीर्वाद आहे, तोच ल्यूथर यांनी आपल्या जर्मन मिस्सेच्या अखेरीस घातला. पहिल्यापासून शेवटपर्यंत देव बोलतो आणि मनुष्य उत्तर देतो, देव देतो आणि मनुष्य घेतो, अशी ही वीण आहे.

येथे कोणी विचारील की हा अंतःकरणाचा व्यवहार असेल तर त्याला ठरीव शब्द कशाला हवेत? ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे. ल्यूथर यांचे उत्तर साधे आणि शिक्षकाचे होते. क्रम लहान मुलांसाठी आणि साध्या माणसांसाठी हवा, कारण जे पुनःपुन्हा ऐकले जाते तेच मुरते. खेड्यापाड्यांतील मंडळ्या पाहून आल्यावर लोकांचे अज्ञान त्यांच्या मनाला इतके लागले की १५२९ साली त्यांनी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. मला त्यात आणखी एक कारण दिसते. दुःखाच्या वेळी माणसाचे स्वतःचे शब्द संपतात. घरात मृत्यू झालेला मनुष्य काय प्रार्थना करील? अशा वेळी आजोबांच्या तोंडचे शब्द त्याच्या तोंडी येतात आणि तो त्यांच्या आधाराने उभा राहतो. आपल्याकडे हरिकथेलाही नमन, पूर्वरंग, उत्तररंग आणि आरती असा क्रम आहेच. बुवांची वाणी कितीही स्वैर धावली तरी ती या काठांमधून वाहते. लायप्झिग नगरात १७२३ पासून १७५० पर्यंत योहान सेबास्टियन बाख यांनी जी संगीतरचना केली, तिचाही मोठा भाग असाच क्रमाच्या काठांमधून वाहिला आहे. शुभवर्तमानाचे वाचन आणि प्रवचन यांच्या आसपास गायिले जाणारे त्यांचे संगीत म्हणजे त्या दिवशीच्या वाचनावरचे निरूपणच होते.

परंतु क्रम हवा म्हणजे तो सक्तीचा हवा, असे मात्र ल्यूथर यांनी कधी म्हटले नाही. १५२१ च्या नाताळात ते वार्टबुर्ग किल्ल्यात लपून असताना त्यांचे सहकारी कार्लश्टाट यांनी विटेनबर्गात एका झपाट्याने नवी उपासना सुरू केली. त्या बदलांपैकी बरेचसे ल्यूथर यांना स्वतःलाही हवे होते. तरी १५२२ च्या मार्चमध्ये परत येऊन त्यांनी ओळीने आठ प्रवचने केली आणि सांगितले की दुर्बळाला ढकलून पुढे नेऊ नये. वचन ऐकवावे आणि वाट पाहावी. जर्मन मिस्सेच्या प्रस्तावनेतही, हा क्रम म्हणजे कायदा समजू नये, अशी त्यांनी विनवणी केली आहे. १५३० साली आउग्सबुर्ग येथे सादर झालेल्या कबुलीपत्राच्या सातव्या कलमात हेच तत्त्व सूत्रबद्ध झाले. शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कारविधी यांविषयी एकमत असले म्हणजे मंडळीच्या ऐक्यास पुरे. माणसांनी घातलेल्या रूढी आणि विधी सर्वत्र एकसारखे असण्याची गरज नाही.

हे तत्त्व मांडणे सोपे, पाळणे कठीण होते. १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्युरिकचे सुधारक झ्विंग्ली यांची भेट झाली. ल्यूथर यांनी मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे लॅटिन शब्द लिहून ठेवले होते. झ्विंग्ली म्हणत, भाकर हे चिन्ह आहे. ल्यूथर म्हणत, ज्याने दिले त्याने ‘आहे’ म्हटले आहे, तेथे मी ‘म्हणजे’ कसे म्हणू? दाता स्वतः हजर नसेल तर देणे कुठले, असा त्यांच्या आग्रहाचा मथितार्थ होता. दोघे एकमेकांपासून दूर झाले, आणि ल्यूथरपंथी व रिफॉर्म्ड अशा दोन मंडळ्या जवळजवळ तीन शतके वेगवेगळ्या मेजांवर बसल्या.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला या भेदाचा चटका घरातच बसला होता. तो स्वतः रिफॉर्म्ड, त्याची राणी लुईझ ल्यूथरपंथी. पतिपत्नींना एका मेजावर प्रभुभोजन घेता येत नसे. १८१७ साली, धर्मसुधारणेच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याने दोन्ही मंडळ्यांना एक होण्याचे आवाहन केले. हेतू चांगला होता. मग १८२२ साली त्याने एक उपासनापुस्तक काढले. ते पुष्कळसे राजाने स्वतः रचले होते, आणि त्यात सोळाव्या शतकातील ल्यूथरपंथी क्रमांचा आदर होता. पण भोजनाच्या वेळी धर्मगुरूने म्हणावयाचे शब्द असे ठेवले होते : ‘ख्रिस्त म्हणतो, हे माझे शरीर आहे.’ त्याने तसे म्हटले हे तर सर्वांनाच मान्य! अर्थ ज्याने त्याने आपापल्या मनात लावावा. ज्यांच्या दृष्टीने उपासना म्हणजे देवाचे प्रत्यक्ष देणे होते, त्यांना ही वाक्यरचना म्हणजे देणाऱ्या हातावर घातलेला पडदा वाटली.

विरोध सर्वांत तीव्र झाला तो सायलेशिया प्रांतात. ब्रेस्लाऊचे धर्मगुरू आणि प्राध्यापक शायबेल यांनी राजाचे पुस्तक वापरण्यास नकार दिला, तेव्हा १८३० साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १८३४ च्या नाताळात हॉनिगर्न या खेड्यात गावकऱ्यांनी आपले मंदिर रोखून धरले, तर सरकारने सैन्य पाठवून त्यांना हटवले आणि दार फोडून नवी उपासना सुरू केली. शांतीच्या राजपुत्राचा जन्मोत्सव संगिनींच्या पहाऱ्यात झाला. पुढे कित्येक कुटुंबे जमीनजुमला विकून निघाली. १८३८ साली काही ऑस्ट्रेलियात पोचली, काही अमेरिकेत गेली. पुस्तकातील बहुतेक प्रार्थना त्यांना पाठ होत्या, प्रिय होत्या. तरी ती उपासना त्यांना आपली वाटेना, कारण तेथे देव देत आहे असे म्हणण्याऐवजी राजा घ्यायला लावत आहे असे म्हणणे अधिक खरे होते.

ऑस्कर लोर यांचा जन्म १८२४ साली याच सायलेशियात झाला. हॉनिगर्नच्या त्या नाताळात ते दहा वर्षांचे होते. तरुणपणी ते बर्लिनच्या गॉसनर मिशनतर्फे छोटा नागपुरात रांचीस आले. १८५७ च्या उठावात तेथून निघावे लागले आणि ते अमेरिकेस गेले. तेथील जर्मन वसाहतकऱ्यांत १८४० साली मिसूरी प्रांतात एक संयुक्त इव्हँजेलिकल मंडळी निघाली होती. तिने ल्यूथर यांची प्रश्नोत्तरावली आणि रिफॉर्म्ड लोकांची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली अशा दोन्ही मान्य केल्या, आणि जेथे त्यांत मतभेद असेल तेथे शास्त्र प्रमाण मानून सदसद्विवेकाला मोकळीक दिली. ऐक्य तेच, पण त्यामागे राजा नव्हता. लोर यांचे छत्तीसगडातील काम पुढे १८८४ पासून याच मंडळीने चालवले. तेव्हा रायपूरच्या या परंपरेला निखळ ल्यूथरपंथी म्हणता येणार नाही. ती दोन घरांच्या सामाईक भिंतीत वाढली आहे. म्हणूनच उपासनाक्रमाचा अर्थ तपासण्यास ही जागा मला अधिक बोलकी वाटते.

निखळ ल्यूथरपंथी परंपरा भारतात त्याआधीच आली होती. १७०६ साली तरंगमबाडीस उतरलेल्या झिगेनबाल्ग यांनी ती तमिळमध्ये रुजवली. तिचे एक टोक तर थेट मराठी इतिहासाला लागते. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांचे बालपणीचे पालक आणि गुरू ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ हे याच परंपरेतले धर्मगुरू. सरफोजी महाराज अखेरपर्यंत स्वधर्मात राहिले, आणि तरी १७९८ साली वारलेल्या आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून तंजावरच्या ख्रिस्तमंदिरात बसवले. जिथे सक्ती नव्हती तिथे कृतज्ञता कशी मुक्तपणे वाहिली, याचे ते शिल्प साक्षीदार आहे. आपल्या आणखी जवळ, बैतुल आणि छिंदवाडा या जिल्ह्यांत, १८७० नंतर स्वीडिश मिशनने काम सुरू केले. स्वीडनने १५३१ मध्येच आपल्या भाषेतली मिस्सा छापली होती. आज ज्यांच्या शेजारच्या मुलताई–सौंसर भागात मराठी बोलली जाते, त्या मुलखात ल्यूथरपंथी मंडळी अजून नांदते आहे.

आता विश्रामपूरकडे परत येऊ. लोर यांच्याकडे जे लोक प्रथम आले ते सतनामी. गिरौदपुरीचे गुरू घासीदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना मूर्तिपूजा सोडावयास, मद्य-मांस टाकावयास आणि सत्यनामाचा जप करावयास शिकवले होते. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांनी देऊळच अनावश्यक ठरवले, यात केवढा स्वाभिमान होता! तेव्हा हे लोक उपासनेच्या बाबतीत कोऱ्या पाटीचे मुळीच नव्हते. सकाळ-संध्याकाळ सूर्याच्या दिशेने नतमस्तक होऊन सत्यनाम घेण्याचा त्यांचा स्वतःचा क्रम होता. बहुसंख्य सतनामी त्याच मार्गावर राहिले, आणि आजही राहिले आहेत.

जे थोडे विश्रामपूरच्या मंदिरात आले त्यांना तेथे नवीन काय मिळाले? माझ्या मते, एक प्याला. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही असे ठरलेले, त्याच्या ओठांना लागलेला प्याला पुढच्याच्या ओठांना लागतो, आणि तो पुढचा कदाचित गोरा साहेब असतो. समतेवरील व्याख्यान ऐकणे निराळे आणि हे निराळे. येथे शरीरालाच ती गोष्ट समजते. अर्थात एका प्याल्याने जात धुऊन निघाली असे समजण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्यानंतरही रोटीबेटीचे जुने नियम घराघरांतून पुष्कळ काळ चालू राहिले. पण उपासनेत घडलेली गोष्ट घरात का घडत नाही, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. आणि एखाद्या विधीने माणसाला असा प्रश्न टोचत ठेवावा, हे काही थोडे नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. विश्रामपूरची जमीन मिशनची, म्हणजे पाद्री हाच गावचा मालगुजार. आठवडाभर जो सारा मागतो, वाद तोडतो, बेशिस्तीबद्दल कानउघाडणी करतो, तोच रविवारी क्षमेचे वचन उच्चारतो आणि हातावर भाकर ठेवतो. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत तर मिशनच्या आवारात उपाशी माणसांना प्रत्यक्ष अन्न मिळे आणि पोरकी मुले वाढत. त्या अन्नाने जीव वाचले, आणि वाचवणाऱ्यांची दया खरी होती. तरीही हात पुढे करणाऱ्याला हे कसे ओळखता यावे की हे देवाचे देणे आहे, मालगुजाराचे उपकार नव्हेत? सायलेशियात राजाच्या हुकमाने जे झाले, ते येथे हुकूम न काढताही होऊ शकत होते. अन्न देणारा हात आणि धर्म देणारा हात एकच असला म्हणजे माणूस ‘नाही’ म्हणण्यास मोकळा राहत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘आमेन’ला काय वजन?

या अडचणीवरचा उतारा मात्र त्या क्रमातच आहे, आणि तेच मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे. पापांगीकाराच्या वेळी पाद्रीही म्हणतो, मी पाप केले आहे. प्रभुभोजनात तो यजमान नसतो, तोही घेणारा असतो. मालगुजाराला आपला सारा, राजाला आपला मुकुट आणि पंडिताला आपली विद्या घेऊन त्या मेजाजवळ जाता येत नाही. तेथे सर्वांचे हात सारखेच रिकामे हवेत. म्हणून ही उपासना सत्तेच्या हाती साधन झाली की तिचे स्वतःचे शब्दच त्या सत्तेविरुद्ध साक्ष देऊ लागतात. हॉनिगर्नचे शेतकरी हे ओळखून होते.

राहिला भाषेचा प्रश्न. ल्यूथर यांनी १५२५ साली बजावले होते की लॅटिन सुरावटीखाली जर्मन शब्द चिकटवून भागणार नाही. शब्द, सूर, आघात आणि ठेवण हे सारे मातृभाषेतून उगवले पाहिजे. छत्तीसगडात उपासनेची भाषा हिंदी ठरली, घरात बोली छत्तीसगडी राहिली. म्हणजे एक लहानसे अंतर उरलेच. आपल्या मराठीत ते अंतर ज्यांनी पार केले, त्यांची कहाणी योगायोगाने याच मुलखातून सुरू होते. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावास निघाले होते. राजनांदगाव रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटर. एव्हाना आगगाडी तिकडे जाऊ लागली होती. त्या गाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या अमेरिकन मंडळीत ते गेले तिच्यात ठरीव उपासनाक्रमाला फारसे स्थान नव्हते, आणि गायली जाणारी गीते बहुधा परक्या चालींना जुळवलेली असत. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन यांच्या वाटेने मराठी मंडळीला तिचा स्वतःचा कंठ दिला. ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची पदे आजही मराठी ख्रिस्ती घरांत गायली जातात. ते ल्यूथरपंथी नव्हते. पण उपासनेच्या भाषेविषयी ल्यूथर यांनी जी अट घातली होती ती आपल्याकडे त्यांनी पुरी केली. मराठी माणसाने हे काम उलट दिशेनेही केले आहे. रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ हिंदीत नेला. उपासनेचे शब्द असेच हातोहात सरहद्दी ओलांडतात.

या कथेचा शेवट आपल्या नागपुरात होतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. लोर यांच्या परंपरेची छत्तीसगडातील मंडळी, संयुक्त उत्तर भारतीय मंडळीच्या द्वारा, त्या ऐक्यात सामील झाली. रांचीची आणि छिंदवाड्याची ल्यूथरपंथी मंडळी बाहेर राहिली, आणि त्याबद्दल कोणी तिच्या दारी शिपाई पाठवले नाहीत. १९७३ साली स्वित्झर्लंडमधील लॉयेनबर्ग येथे युरोपातील ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी करार करून एकमेकांची मेजे एकमेकांना खुली केली. प्रशियाच्या राजाला सैन्य पाठवूनही जे साधले नाही, ते दीड शतकानंतर चर्चेने आणि धीराने साधले. विटेनबर्गच्या त्या आठ प्रवचनांत वाट पाहण्याचा जो सल्ला होता, तो अशा रीतीने उशिरा का होईना फळास आला.

सदर बाजारात उद्या सकाळी पुन्हा दुकाने उघडतील. उदबत्ती लागेल, तराजूला हात लागेल. त्या शहरात रविवारी दुसरीकडे कोठेतरी काही माणसे ओळीने पुढे जातील आणि काहीच न आणता हात पुढे करतील. दोन क्रम एकमेकांपासून फार निराळे आहेत, आणि ते एकच आहेत असे म्हणण्याचा उतावळेपणा मी करणार नाही. पण तराजूला नमस्कार करणाऱ्या सराफालाही मनातून एवढे ठाऊक असते की दिवसाच्या आरंभी जे हवे असते ते वजन करून मिळत नाही. ते कोणी तरी द्यावे लागते. ल्यूथर यांच्या परंपरेने या एका जाणिवेभोवती आपली सारी उपासना बांधली. आणि देणे हे देणेच राहावे म्हणून, त्या मेजाजवळ कोणाला ओढून आणू नये, हा धडा तिला सायलेशियातील शेतकऱ्यांनी आणि विश्रामपूरच्या रयतेने शिकवला.